ना ए, ना बी

"मॅडम, तुमचा रिपोर्ट माझ्यासमोर आहे. वाचून दाखवू?"

सकाळचे साडेनऊ वाजले होते. जानेवारीतला मंगळवार. कोटसुद्धा अजून खुंटीवरच होता. फोनवर प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर होते. एरवी मृदू बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाजाला धार होती.

"कोविड निगेटिव्ह. आरएसव्ही निगेटिव्ह. इन्फ्लुएन्झा निगेटिव्ह. खाली तुमची सही. आणि इथे माझ्यापुढे सोळा पोरं खोकतायत. एक तुमच्याच दवाखान्यात ऑक्सिजनवर आहे. मग हे आहे तरी काय?"

मी ठरलेलं उत्तर दिलं. दुसरा एखादा विषाणू असेल, आम्ही सगळ्याच तपासण्या करत नाही वगैरे. फोन ठेवला आणि रिपोर्टची प्रत काढून पाहिली. सही माझीच होती. आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, जेवायला जायच्या घाईत केलेली.

आमची प्रयोगशाळा कृष्णाकाठच्या पट्ट्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आहे. विषाणूंच्या तपासण्या करतो. पावसाळ्यात डेंगी आणि चिकुनगुन्या मान वर करू देत नाहीत. फ्लू वर्षातून दोनदा डोकं काढतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा थंडीत. डॉक्टरांनी पाठवलेले सात नमुने ऊसतोड कामगारांच्या तळावरचे होते. साखर कारखान्याच्या मागच्या माळावर बीडकडच्या टोळ्यांच्या शंभरेक कोप्या पडतात. गाडी सेंटर म्हणजे बैलगाडीवाले. बैलं, माणसं, शेळ्या आणि लेकरं सगळी एकाच माळावर. सातही नमुने सहा वर्षांखालच्या मुलांचे होते, आणि सातवं अकरा महिन्यांचं बाळ. तेच आमच्या बालरोग विभागात, न्यूमोनियाने.

खोकल्याचा नमुना आला की आम्ही त्याला चारच प्रश्न विचारतो. कोविड आहेस का? फ्लू ए आहेस का? फ्लू बी आहेस का? लहान मूल असेल तर, आरएसव्ही, म्हणजे लहानग्यांची छाती धरणारा विषाणू, आहेस का? सगळी उत्तरं 'नाही' आली की छापील कागदावर ओळीने निगेटिव्ह येतं आणि नमुना उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये जाऊन झोपतो. वर्षभरातले बहुतेक नमुने असेच झोपतात. खरं सांगायचं तर निगेटिव्ह हा शब्द आम्हाला आवडतो. त्यावर कुणी फोन करत नाही. म्हणजे त्या मंगळवारपर्यंत कुणी केला नव्हता.

आमच्याकडे एक मोठं किट पडून होतं. एका नमुन्यात श्वसनमार्गाचे तेहतीस जंतू शोधणारं, महागडं. ते अतिदक्षता विभागातल्या अत्यवस्थ रुग्णांसाठी राखून ठेवलेलं. माळावरच्या खोकणाऱ्या पोरांसाठी ते उघडायचं म्हटलं तर विभागप्रमुख भुवया उंचावणार हे ठाऊक होतं. म्हणून मी आधी खोक्यावरची तारीख पाहिली. एक्स्पायरीला एकोणीस दिवस राहिले होते. मग तीच तारीख दाखवायला गेले. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "वाया जाण्यापेक्षा वापरलेलं बरं," एवढंच म्हणाल्या. पुढचं सगळं त्या एकोणीस दिवसांच्या कृपेने झालं, हे मी कुठल्याही शोधनिबंधात लिहिणार नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

प्लेट लावायला दादा होते. दादा म्हणजे आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ. हात असा की पाच मायक्रोलिटर म्हणजे पाचच. त्या किटमध्ये एका नमुन्याला आठ नळ्या लागतात, आणि प्रत्येक नळीत निरनिराळ्या रंगांच्या खुणा लावून तीन-चार, कधी पाच जंतू एकदम शोधले जातात. सात नमुने, शिवाय पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे जंतूंचे तुकडे मुद्दाम घातलेल्या आणि मुद्दाम न घातलेल्या पडताळणीच्या नळ्या. नमुन्यांतून काढलेलं आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, फ्रीजरमध्ये तयार होतंच. अकराच्या सुमाराला यंत्र सुरू झालं आणि मी राहिलेली डेंगीची कामं उरकायला गेले.

एक वाजून गेला तेव्हा दादांनी हाक मारली. हाक नेहमीची नव्हती.

पडद्यावर एक रेघ उठली होती. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. यंत्र चक्रामागून चक्र जंतूच्या जनुकीय तुकड्यांच्या प्रती वाढवत जातं. रेघ आधी बराच वेळ तळाला सरपटत असते. मग एखाद्या चक्रात ती वळते, वर चढते आणि माथ्यावर जाऊन आडवी होते. लांबट 'एस'सारखा आकार. जितक्या लवकर उठेल तितका विषाणू जास्त. ही एकविसाव्या चक्राला उठली होती. म्हणजे नमुना विषाणूने ठासून भरलेला. तिच्यामागे आणखी दोन, सव्विसाला आणि एकोणतिसाला. रंगाची पट्टी बघून मी यादीत बोट फिरवलं.

इन्फ्लुएन्झा सी.

"हे कंट्रोल सोडून कधी उठलंय का?" दादांनी विचारलं.

"माझ्या हातून तरी नाही."

पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत एक गुणासाठी लिहिलेलं. फ्लूचे प्रकार ए, बी आणि सी. ए साथी आणतो, बी जरा कमी, सी सौम्य सर्दी देतो. संपलं. तोंडी परीक्षेत सीबद्दल कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही, कारण विचारणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसतं.

आनंद वगैरे झाला नाही. पहिल्यांदा पोटात गोळा आला. प्रयोगशाळेत काही अनपेक्षित उठलं की पहिला संशय स्वतःवर घ्यायचा असतो. किटबरोबर येणाऱ्या पॉझिटिव्ह कंट्रोलचा एखादा थेंब, एखादा फवारा उडाला असेल तर? दादा आणि मी प्लेटचा नकाशा काढून बसलो. उठलेल्या तीन नळ्या शेजारी शेजारी नव्हत्या, मध्ये दोन कोऱ्या नमुन्यांच्या नळ्या होत्या. निगेटिव्ह कंट्रोल सपाट. पण मला धीर आला तो दुसऱ्याच गोष्टीने. पॉझिटिव्ह कंट्रोलमध्ये त्या नळीतल्या सगळ्याच जंतूंचे तुकडे मिसळलेले असतात. ते उडाले असते तर सीबरोबर त्या नळीतले बाकीचे रंगही उठले असते. इथे बाकीचे रंग तळाला झोपलेले होते. एकटा सी उभा होता.

उरलेल्या चार नमुन्यांपैकी एकात रायनो निघाला, साध्या सर्दीचा. तिघांत काहीच नाही. आणि एकविसाव्या चक्राला उठलेला नमुना त्या अकरा महिन्यांच्या बाळाचा होता.

"परत काढू," दादा म्हणाले. "आरएनए नको, मूळ व्हीटीएममधूनच काढू. दुसरी कुपी आहे." व्हीटीएम म्हणजे काडी बुडवून पाठवतात तो गुलाबी द्रव. आम्ही प्रत्येकाच्या दोन कुप्या करून ठेवतो, एक हात न लावलेली. दादा कोट बदलून, दुसऱ्या खोलीतली दुसरी पिपेटं घेऊन बसले. निकालाला पाच-साडेपाच तरी वाजणार होते.

तेवढ्या वेळात मी आमच्या सरांना फोन लावला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. आयुष्य कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवण्यात गेलं. पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला.

"सापडला होय? आम्ही आयुष्यभर गिनी पिगच्या तांबड्या पेशी वापरल्या. त्यांना सी चिकटतच नाही. कोंबडीच्या घे, आणि बर्फात ठेव. गरम केलंस की स्वतःच सुटून जातो."

जुन्या पद्धतीत विषाणू तांबड्या पेशींना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतो का, यावरून तो ओळखत. हे त्यांनी गंमत म्हणून सांगितलं, पण हा विषाणू इतकी वर्षं का दिसत नाही याचं अर्धं उत्तर त्यात आहे. ए आणि बी पेशींवर जी साखर पकडतात त्याहून सीची साखर जरा वेगळी. ए आणि बीच्या अंगावर दोन प्रथिनं असतात, एक चिकटण्याचं आणि एक सुटण्याचं. सीकडे एकच आहे. तेच चिकटतं, तेच आत शिरवतं, तेच कापून सुटतं. त्यामुळे त्यांच्या जनुकांचे आठ तुकडे, तर याचे सात. प्रयोगशाळेत वाढायला कुरकुर करतो, कमी तापमान मागतो, पेशींचा विध्वंस डोळ्यांना दिसेल असा करत नाही. जुन्या पद्धतीने शोधणारा माणूस नळी उजेडात धरून म्हणणार, काही नाही. फेकून द्या.

तरीही हा नवा नाही. अमेरिकेत १९४७ साली रिचर्ड टेलर यांनी तो पहिल्यांदा वेगळा केला. त्या जातीच्या नावात त्यांचं नाव, नमुन्याचा क्रमांक १२३३ आणि साल अजून आहे. पुढे जिथे जिथे लोकांचं रक्त तपासलं गेलं, तिथे सात ते दहा वर्षांपर्यंतच्या बहुतेक मुलांत त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे हे वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तो लहानपणी होऊन गेलेला असणार. आईने सुंठ उगाळून लावली असेल, चार दिवस शाळा बुडाली असेल, विषय संपला.

त्याचा नीट पाठलाग केला तो जपानी लोकांनी. यामागाता आणि मियागी या भागांत बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतून वर्षानुवर्षं काड्या गोळा केल्या, चिकाटीने वाढवल्या, आणि साधारण दर दोन वर्षांनी, थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, त्याची साथ येते असं दाखवून दिलं. विषाणूचे सहा वंश आहेत, त्यातल्या एकाचं नावही यामागाता. यावरून आमच्याकडच्या एका शिकाऊ मुलीचा पुढे घोटाळा झाला. फ्लू बीमध्येही एक यामागाता वंश आहे, किंवा होता म्हणू. मार्च २०२० नंतर तो जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही आणि लशीतूनही त्याला काढायला घेतलंय. ती मला विचारत होती, "ताई, नाहीसा झालेला परत आला का?" नाही गं बाई. गाव एक, माणसं वेगळी.

आपल्या देशातही अगदीच कोरी पाटी नाही. २०११ मध्ये पूर्व भारतातल्या एका नमुन्यात सी सापडला होता आणि कोलकात्याच्या संशोधकांनी त्याचा पूर्ण जनुकीय आराखडा छापला होता. तो पेपर मी त्या दुपारी चहा गार होईपर्यंत वाचत बसले.

तीन वाजता डॉक्टरांना फोन केला. "काहीतरी दिसतंय, पण खात्री झाल्याशिवाय नाव सांगणार नाही. आज तळावर येऊ का? आणखी काड्या घ्यायच्यात."

"संध्याकाळी या. दिवसा तिथे म्हातारी आणि पोरं सोडली तर कुणी नसतं."

पाच वाजता माळावर पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि गाड्या कारखान्याकडून परतत होत्या. आमच्या पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना कोपी म्हणजे काय ते सांगावं लागतं. बांबूच्या चिवाट्यांची कमान, वर पाचट किंवा ताडपत्री, आत शिरायला वाकावं लागतं. लांबी-रुंदीला एका बाजेएवढी जागा, त्यात पाच माणसं. दाराशी तीन दगडांची चूल. दाराच्या दुसऱ्या बाजूला, हात लांब केला तर पाठीवर पडेल इतक्या जवळ, बैलजोडी. बैलांपुढे वाढ्यांचा भारा. एक दीड वर्षाची पोर त्या भाऱ्यावर बसून बैलाच्या नाकपुडीत बोट घालत होती आणि बैल शांतपणे तिचा हात चाटत होता.

ते बघून माझ्या डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं. सी हा माणसांचा विषाणू असं पुस्तक सांगतं. पण चीनमध्ये १९८१ साली तो डुकरांत सापडला होता आणि अमेरिकेत अलीकडे, २०१६ नंतर, खोकणाऱ्या गुरांतही मिळालाय. त्याचा एक चुलत भाऊ आहे, इन्फ्लुएन्झा डी. ओक्लाहोमात २०११ साली आजारी डुकरात मिळाला आणि पुढे कळलं की त्याचं खरं घर गुरांत आहे. डीने माणूस आजारी पडल्याचं अजून दिसलेलं नाही, पण फ्लोरिडात गुरांत राबणाऱ्या माणसांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडं भरपूर मिळाली. आणि इथे माझ्यासमोर माणूस आणि बैल एकाच छपराच्या दोन कडांना झोपत होते.

मी मुकादमाला सहज म्हटलं, "बैलांना सर्दी झाली होती का हो एवढ्यात?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "मॅडम, आता बैलाच्या नाकातबी काडी घालता काय?"

सगळा घोळका हसला. बरं झालं, कारण तोवर कुणी जवळ येत नव्हतं. काडी म्हटलं की कोरोना, कोरोना म्हटलं की माळाला कुलूप, कुलूप म्हटलं की उचल फिटायची कशी. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटल्याशिवाय कोयता खाली ठेवता येत नाही, हे तिथल्या सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. एका आज्जीने नातवाला पदराखाली घेतलं होतं. आशाताई तिच्याशेजारी मांडी घालून बसली.

"माय, हे त्या कोरोनाचं न्हाई. नुसतं बघायचंय खोकला कशाचा हाय."

"बघून काय करता?" आज्जी म्हणाली. "सहा दीस झाले, कफ काय सुटंना. औषिध द्या की."

"औषध दिलंय ना डॉक्टरांनी?"

तिने कोपीच्या कुडात खोचलेली पट्टी काढून दाखवली. प्रतिजैविकाच्या गोळ्या, मोठ्या माणसाच्या, अर्ध्या अर्ध्या करून दिलेल्या. आरोग्य केंद्राने दिलेल्या नव्हत्या, बाजाराच्या दिवशी कुठल्याशा दुकानातून आणलेल्या. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

मग मुकादमाने तोच प्रश्न सरळ मला केला. चाळिशीचा गडी, कानात भिकबाळी, खिशात दोन फोन. "मॅडम, धरा की तुम्हाला घावला त्यो. त्याला गोळी हाय?"

"नाही."

"सुई?"

"लस नाही."

"मग हुडकून उपेग काय?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. शिकवलेली उत्तरं असतात, सर्वेक्षण, रोगभार. ती त्या माळावर तोंडातून निघत नाहीत. मी आज्जीच्या हातातल्या पट्टीकडे बोट दाखवलं. "ह्या गोळ्यांनी जाणारा तो नाही. एवढं कळलं तर हे पैसे वाचतील." तो मान हलवत म्हणाला, "हे पटलं." पण मला माहीत होतं की मी अर्धंच सांगितलं. खोकला थांबावा म्हणून त्या बाईला काहीतरी द्यायचंच होतं, आणि मी तिच्या हातातलं होतं तेही काढून घेत होते.

अकरा पोरांच्या काड्या घेतल्या. लहान मुलाच्या नाकातून काडी घशामागे न्यायची म्हणजे आईने पोराचं डोकं छातीशी धरायचं, आशाताईने हात, आणि मी तोंडाने चिमणीचा आवाज काढत दहापर्यंत मोजायचं. आया नुकत्या फडातून आलेल्या. हातांना उसाच्या पानांनी कापलेल्या बारीक रेघा, बोटांवर काळी चिकट साय. त्यातल्या एकीने लेकराला धरलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या दवाखान्यातल्याचं कसं हाय?" बाळ तिच्या जावेचं होतं. आई दवाखान्यात, बाप एकटाच कोयता चालवत होता. जोडीचा अर्धा कोयता गेला की टनाचे पैसेही अर्ध्यावर.

सव्वासहाला खिशातला फोन थरथरला. मी बैलांच्या मागे, जरा शांत जागी गेले.

"उठला, ताई," दादा म्हणाले. "तिन्ही. बाळाचा बाविसाला. निगेटिव्ह सपाट."

मग जीपमधूनच बालरोग विभागात फोन लावला. निवासी डॉक्टर मुलगी होती, छत्तीस तासांची ड्यूटी आवाजात ऐकू येत होती. बाळाला फ्लूच्या संशयावरून ऑसेल्टामिविर सुरू होतं. आमचा निगेटिव्ह रिपोर्ट आल्यावरही, चाचणी चुकू शकते म्हणून त्यांनी कोर्स चालू ठेवला होता. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण हे औषध न्युरामिनिडेज या प्रथिनाला, म्हणजे फ्लूच्या त्या सुटण्याच्या कात्रीला, अडवतं. सीकडे ती कात्रीच नाही. कुलूप नसलेल्या दाराला आम्ही चार दिवस किल्ली लावत होतो.

"मग थांबवू का?" तिने विचारलं.

"ते तुमच्या मॅडम ठरवतील. पण सीवर ते चालत नाही."

"उद्या सकाळी तसाही शेवटचा डोस आहे," ती म्हणाली. थोडं थांबून, "पण बरं झालं सांगितलंत. बाळ आज दूध प्यायलंय." सीचा न्यूमोनिया दोन वर्षांखालच्या मुलांत होतो, क्वचित होतो, आणि बहुतेक मुलं आधार मिळाला की सावरतात. हेही सावरलं. शुक्रवारी ऑक्सिजन निघाला.

रात्री आठला मी परत प्रयोगशाळेत होते. अकरा कुप्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि दुरुस्त रिपोर्ट करायला बसले. इथे त्या दिवसातली खरी अडचण आली.

आमच्या छापील नमुन्यात एक ओळ आहे. 'इन्फ्लुएन्झा', आणि पुढे दोनच पर्याय, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. आम्ही ए आणि बीच तपासतो आणि कागदावर मात्र सबंध इन्फ्लुएन्झा नाही म्हणून लिहून देतो. इतकी वर्षं कुणाला ते खटकलं नाही, मला तर नाहीच. सोमवारी मी तीन मुलांच्या नावापुढे 'इन्फ्लुएन्झा निगेटिव्ह' लिहून सही केली होती आणि तिघांच्याही नाकात इन्फ्लुएन्झा होता. चाचणी बरोबर होती, वाक्य खोटं होतं.

संगणकावरच्या साप्ताहिक तक्त्यात तर त्याहून गंमत. प्रकार निवडायच्या खिडकीत ए, ए-चे उपप्रकार, बी, बी-चे वंश आणि निगेटिव्ह. सी नाही. 'इतर' सुद्धा नाही. मी निगेटिव्ह निवडलं नाही तर ओळ जतनच होईना. शेवटी शेऱ्याच्या चौकोनात लिहिलं, आणि शेऱ्याचे चौकोन कुणी मोजत नाही हे ठाऊक असताना लिहिलं. या देशात सीचे रुग्ण किती, याचा आकडा का नसतो हे मला त्या खिडकीपाशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दुरुस्त रिपोर्टवर सही केली आणि छापील नमुन्यातली ती ओळ बदलायला मंजुरी दिली. आता 'इन्फ्लुएन्झा ए' आणि 'इन्फ्लुएन्झा बी' अशा दोन ओळी आहेत, खाली बारीक अक्षरात 'इतर प्रकार तपासलेले नाहीत'. एवढ्या चार शब्दांसाठी तीन आठवडे फाइल फिरली. बैलांचं मात्र जमलं नाही. जनावरांचे नमुने घ्यायचा अधिकार आमच्याकडे नाही. पशुसंवर्धनकडे पत्र गेलंय, उत्तर यायचंय. दुसऱ्या खेपेच्या अकरा काड्यांत आणखी चार सी निघाले. जनुकांचा क्रम लावायला ते मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवलेत, कुठल्या वंशाचे आहेत ते कळेल तेव्हा कळेल. किटच्या उरलेल्या नळ्या दादांनी आमच्या फ्रीजरमधल्या त्या महिन्याच्या निगेटिव्ह नमुन्यांवर संपवल्या. एक्स्पायरीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. त्यात एकही सी नव्हता.

रजिस्टरमध्ये मी पट्टीने एक उभी रेघ मारून नवा रकाना केला. दादा म्हणाले, "किट संपलं, आता यात काय भरणार?"

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मुकादम होता.

"मॅडम, वळखलं का? बैलाच्या काडीवाला."

मी हसले. पोरं कशी आहेत विचारलं. इथली सगळी बरी होती. दवाखान्यातलं बाळ आता बसायला लागलं होतं. त्याचं काम वेगळंच होतं. त्याच्या मेव्हण्याची टोळी सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या एका कारखान्यावर होती. संक्रांतीला ते लोक दोन दिवस इकडे राहून गेले होते. परतल्यावर आठवड्याभरात तिकडची पोरं खोकायला लागली होती.

"तिकडल्या डाक्टरला इचारलं, तर म्हणं साधी सर्दी. म्या म्हणलं आमच्या मॅडमला म्हाईत हाय कशाची ती. येताय का काड्या घिऊन?"

संक्रांत चौदा जानेवारीची. आमचे पहिले नमुने त्यानंतर चार दिवसांनी आले होते. मी कॅलेंडर ओढलं आणि बोटाने दिवस मोजू लागले. सीमेपलीकडचा जिल्हा, दुसरं राज्य, दुसरी प्रयोगशाळा. मला तिथे काडी न्यायचा अधिकार नव्हता आणि किटही नव्हतं.

"किती पोरं आहेत?" मी विचारलं. "सहा वर्षांच्या आतली किती, आणि कुठलं कधी आजारी पडलं, तारखेने सांगा."

"थांबा, मेव्हण्याला दुसऱ्या फोनवर घेतो."

त्याने पहिला फोन तसाच खिशात टाकला असावा. बराच वेळ घुंगरांचा आणि गाडीच्या दांडीचा आवाज येत राहिला, मध्येच त्याचा ओरडून विचारण्याचा. मी टोपण काढून नव्या रकान्याशेजारी तारीख घातली आणि वाट बघत बसले.